‘घाई करू नका’ : सांगलीतल्या एका मनकवड्याचं प्रकरण

प्रकरणातला माणूस तिशीतला, सांगलीजवळच्या एका पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारा. पत्त्यांची जादू कॉलेजपासून करायचा. पुढे वस्तू गायब करण्याचा कंटाळा आला आणि मेंटॅलिझमकडे, म्हणजे मनातलं ओळखण्याच्या खेळांकडे वळला. त्यातला प्रश्नोत्तराचा आयटम त्याला शिकायचा होता. प्रेक्षक चिठ्ठीवर प्रश्न लिहितात, चिठ्ठी पाकिटात बंद करतात, मंचावरचा माणूस पाकीट न उघडता प्रश्न सांगतो, कुणाचा ते सांगतो आणि वर उत्तरही देतो. बाकीच्या खेळांत प्रेक्षक जादूगाराकडे बघत बसतो, इथं तो स्वतःबद्दल ऐकायला कान टवकारून बसतो. म्हणून हा आयटम जमला की अर्धा तास कुणी जागेवरून उठत नाही. या प्रकरणात तो जमला, आणि अडचण तिथूनच सुरू झाली.

मी सांगलीत हौशी नाटकं बसवतो. त्याचं उभं राहणं, बोलणं, चिठ्ठ्या हाताळणं यावर आम्ही दोघांनी मिळून काम केलं, त्यामुळे पुढचं सगळं जवळून पाहिलेलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

चिठ्ठी कळते कशी

या आयटमचा कणा म्हणजे ज्याला जादूगार ‘वन अहेड’ म्हणतात ती युक्ती. ती इतकी जुनी आणि इतक्या पुस्तकांत छापलेली आहे की इथं सांगितल्यानं कुणाच्या पोटावर पाय येणार नाही. पाकिटांच्या गठ्ठ्यातला एकच प्रश्न तुम्हाला आधी ठाऊक असतो आणि ते पाकीट सगळ्यांत खाली असतं. वरचं पहिलं पाकीट कपाळाला लावायचं आणि तो ठाऊक असलेला प्रश्न सांगायचा. विचारणारा हात वर करतो. मग ‘बघू, बरोबर आलं का’ म्हणून हातातलं पाकीट फोडायचं. आत असते भलत्याचीच चिठ्ठी. ती मनात वाचायची, मान डोलवायची, बाजूला ठेवायची. दुसरं पाकीट उचलून आत्ताच वाचलेला प्रश्न सांगायचा. शेवटपर्यंत असंच, एक पाऊल पुढे. खालचं पाकीट हातात येईपर्यंत हिशेब जुळलेला असतो.

तो एक प्रश्न आधी कळणार कसा? सोपा मार्ग म्हणजे प्रेक्षकांत आपला माणूस बसवणं. मुंबईत चालत असेल. सांगलीच्या एखाद्या प्रभागात मंडळाचा कार्यकर्ता साथीला घेतला तर दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर सगळ्यांना कळतं. एका विद्यार्थ्यानं कानातल्या छोट्या ब्लूटूथचा प्रस्ताव आणला. मी त्याला पीटर पॉपॉफची गोष्ट सांगितली. हा अमेरिकन प्रवचनकार सभेत लोकांची नावं, पत्ते, आजार ‘ईश्वरी प्रेरणेनं’ सांगायचा. प्रत्यक्षात लोकांनीच भरून दिलेल्या कार्डांवरून त्याची बायको ते वायरलेसवर त्याच्या कानात सांगत असे. जेम्स रँडी या जादूगारानं १९८६ मध्ये ३९.१७ मेगाहर्ट्झवरचं ते बोलणं पकडून टीव्हीवर ऐकवलं. पण आमच्या पठ्ठ्यानं ब्लूटूथ सोडलं ते या गोष्टीमुळे नव्हे. गणपतीत शेजारच्या मंडळाचा डॉल्बी सुरू असताना कानात काही ऐकू येईल ही आशाच नको, म्हणून. शेवटी चिठ्ठीची घडी घालून घेतानाच एक नजर टाकण्याची पद्धत त्यानं घोटली. ती कशी करायची हे मात्र लिहीत नाही. तिच्यामागे त्याची बरीच मेहनत आहे.

पुस्तकांत न मिळणाऱ्या अडचणी वेगळ्याच निघाल्या. स्वस्त पडतात म्हणून त्यानं आहेराची पाकिटं आणली, वर एक रुपयाचं नाणं चिकटवलेली. गठ्ठा केला की नाण्यांमुळे एका बाजूला फुगायचा, निम्मी पाकिटं हातातून सुटायची, आणि माईकजवळ नाणी वाजायची. मग साधी खाकी पाकिटं आणली, तर भाद्रपदातल्या दमट हवेत त्यांचा डिंक आपोआप चिकटून बसला. शेवटी झाकण आत खोचायचं ठरलं. दुसरी अडचण आडनावाची. पहिल्या तालमीत त्यानं डोळे मिटून, आवाज खोल करून सांगितलं, ‘मला पाटील दिसतायत.’ बघायला आलेल्या मित्रमंडळींतून चार-पाच हात वर आले आणि हसू फुटलं. आमच्याकडे आडनावावर भागत नाही. तेव्हापासून चिठ्ठीवर आद्याक्षरं आणि गाव लिहायला सांगू लागलो.

उत्तराचं काय?

इंग्रजीतून आलेलं या विषयावरचं साहित्य चिठ्ठी वाचण्याच्या युक्त्यांनी भरलेलं आहे. उत्तर काय द्यायचं यावरही त्यात मजकूर असतो, पण तो बहुतेक साच्यांचा: नोकरी, लग्न, पैसा, आरोग्य, प्रवास असे खण पाडायचे आणि प्रत्येक खणात चार-चार गुळगुळीत वाक्यं ठेवायची. १९२० च्या दशकापर्यंत अमेरिकेत अलेक्झांडर नावाचा जादूगार याच आयटमवर थिएटरं भरवत असे. फेटा बांधून, ‘सगळं जाणणारा माणूस’ अशी जाहिरात करून. त्यांनी पौर्वात्य थाटाचा फेटा घालायचा आणि सांगलीच्या मुलानं त्यांची वाक्यं पाठ करायची, हा उलटा प्रवास मला मोठा मजेशीर वाटतो.

गुळगुळीत वाक्यं चालतात कशी, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोररनं १९४८ मध्ये दाखवून दिलं. त्यानं आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुझं विश्लेषण’ म्हणून एकच मजकूर दिला, त्यातला बराचसा भविष्याच्या पुस्तकातून उचललेला. विद्यार्थ्यांनी अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. आपल्याकडे हे फोररच्या आधीपासून दारात येतंय. नंदीबैल मान हलवतो ती कासऱ्याच्या इशाऱ्यावर, पण ‘घरात एकाच्या मनाला शांती नाही’ हे वाक्य बैलवाल्याचं असतं, आणि ते कुठल्याही घरात खरंच ठरतं.

तर आमच्या मित्रानंही अशीच वही केली. आरोग्याच्या पानावर पहिलं वाक्य होतं, ‘घाई करू नका, मन घट्ट ठेवा, सगळं नीट होणार आहे.’

गणपतीतला प्रयोग

विश्रामबागच्या बाजूच्या एका मंडळानं बोलावलं होतं. रस्त्यावरचा मांडव, पुढे सतरंज्या, मागे खुर्च्या, पाऊस थांबून थांबून. सुरुवातीला त्यानं ‘हे निव्वळ मनोरंजन आहे, यात कोणतीही दैवी शक्ती नाही’ असं सांगितलं. म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीतली सूचना म्हणतात त्या वेगानं.

पहिले प्रश्न हलके होते. हळदीचा दर दिवाळीपर्यंत चढेल का. एमपीएससीची प्रिलिम या खेपेला निघेल का. एकानं लिहिलं होतं, माझ्या बायकोला माझा पगार किती वाटतो. त्यावर त्यानं ‘जेवढा आहे त्याच्या दीडपट, आणि ही चूक तुम्ही दुरुस्त करू नका’ असं ठेवून दिलं. मांडव हसला. हात मोकळे झाले, आवाज स्थिरावला. मी बाजूला उभा राहून पाहत होतो. तालमीत इतका चांगला तो एकदाही झाला नव्हता.

मग एक पाकीट फोडून आत बघताना त्याचा चेहरा किंचित बदलला. पुढचं पाकीट कपाळाला लावून तो म्हणाला, ‘एक ताई आहेत. घरात आजारपण आहे. यजमानांचं. ऑपरेशन आत्ता करावं की थांबावं, हा प्रश्न आहे.’ मधल्या रांगेत साठीच्या एका बाईंनी हात वर केला. पदर तोंडाला लावलेला. आणि तो वहीतलं वाक्य बोलला: ‘घाई करू नका. मन घट्ट ठेवा. सगळं नीट होणार आहे.’

त्या संध्याकाळची सगळ्यांत मोठी टाळी त्यावर पडली.

तिसऱ्या दिवशी त्या बाईंचा मुलगा पॉलिटेक्निकच्या स्टाफरूममध्ये आला. वडिलांच्या बायपासची तारीख मिरजेत मिळाली होती. आईनं ती पुढे ढकलायला लावली होती, कारण सरांनी घाई करू नका म्हणून सांगितलं होतं. मुलगा भांडायला आला नव्हता, हे त्याच्या बाजूनं नोंदवायला हवं. तो एवढंच म्हणाला, ‘सर, आता तुम्हीच येऊन सांगा. आमचं ऐकत नाही ती.’

इथं थोडं थांबून वाक्याकडे बघू. जो ते बोलला त्याच्यासाठी ‘घाई करू नका’ हे धीराचं, काहीच न सांगणारं वाक्य होतं. पण प्रश्न होता ‘आत्ता की थांबू’. अशा प्रश्नापुढे ते वाक्य पोकळ राहत नाही. ते ‘थांबा’ होतं. गुळगुळीत वाक्य ऐकणारा स्वतःच्या मापानं भरून घेतो, फोररच्या विद्यार्थ्यांनी भरलं तसंच. फरक एवढाच की त्या विद्यार्थ्यांना त्यावरून काही ठरवायचं नव्हतं.

स्वयंपाकघरात

संध्याकाळी तो गेला, मीही बरोबर होतो. बाईंनी चहा टाकला, त्याला पाटावर बसवायला निघाल्या. तो खालीच बसला.

‘काकू, मला खरंच काही दिसत नाही. तो खेळ आहे.’

‘सगळेच असं म्हणत्यात. ज्याला दिसतं त्यो कधी सांगत न्हाई.’

यावर काय बोलणार? नम्रपणा हीच सिद्धीची खूण ठरत असेल तर नाही म्हणणं आणखी पुरावा होतो. १९८० मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी असाच अनुभव छापला आहे: विद्यार्थ्यांपुढे साधे जादूचे खेळ केले, करणारा हौशी जादूगार आहे असं स्पष्ट सांगितलं, तरी अनेकांनी त्याच्याकडे अतींद्रिय शक्ती असल्याचंच लिहून दिलं. सुरुवातीच्या सूचनेनं आपली जबाबदारी संपली असं मानणाऱ्या प्रत्येक कलाकारानं हे लक्षात ठेवावं.

मग त्यानं जे केलं ते कुठल्या पुस्तकात नाही. पिशवीतून पाकिटं काढली. घरातल्यांना एकेक प्रश्न लिहायला लावला: मुलगा, सून, शेजारची मुलगी. मुलाचा प्रश्न त्यानं बाईंच्या कानात सांगितला, त्याचं पाकीट खाली सरकवलं आणि गठ्ठा त्यांच्याच हातात दिला. ‘काकू, वरचं कपाळाला लावा आणि मुलाचा प्रश्न म्हणा.’ त्यांनी लाजत म्हटलं. ‘आता फोडा. आत काय आहे ते मनात वाचा, बोलू नका. दुसरं उचला, आणि हे आत्ता वाचलेलं म्हणा.’

त्यांनी दुसरं पाकीट कपाळाला लावलं आणि सुनेकडे बघत म्हणाल्या, ‘तुला माहेरी कवा जायला मिळंल म्हणून लिवलंयस.’ सून दचकली. आपण लिहिलेलं सासूच्या तोंडून ऐकून तिचे कान लाल झाले. बाईंनी पाकिटाकडे बघितलं, सुनेकडे बघितलं, खाली पडलेल्या चिठ्ठीकडे बघितलं.

‘म्हंजे तुमी आदीच वाचलेलं असतंय?’

‘होय काकू.’

‘आन् ते घाई करू नका?’

‘ते मी घरून पाठ करून आलो होतो.’

‘आन् आमी नारळ फोडला की वो तुमच्या नावानं!’ त्या चिडल्या होत्या, आणि चिडायलाच हव्या होत्या. मग मुलाकडे वळून, ‘लाव त्या डाक्टरला फोन.’

पुढची तारीख आठवड्यानंतरची मिळाली. बायपास झाली, यजमान बरे आहेत. सूनही दसऱ्याला माहेरी गेली असं नंतर कळलं.

जादूच्या क्षेत्रातल्या एक-दोघांना हे रुचलं नाही. प्रेक्षकाला गुपित दाखवणं म्हणजे त्यांच्या लेखी महापाप. मला त्यांचं म्हणणं पटत नाही. ज्या भागात डॉ. नरेंद्र दाभोलकर राहिले, जिथं १९८९ मध्ये स्थापन झालेल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते शाळाशाळांतून नारळातून आग कशी निघते ते मुलांना करून दाखवत आले, तिथं एक घरगुती उलगडा केल्यानं कला बुडत नाही. शिवाय कायदा आहेच. दाभोलकरांच्या खुनानंतर, २०१३ मध्ये झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणं आणि लोकांना फसवणं येतं. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. मंचावरचा मनकवडा आणि गादीवरचा बुवा यांतला फरक चिठ्ठी वाचण्याच्या युक्तीत नसतो, ती दोघांची एकच असते. फरक उत्तरात असतो.

नव्यानं बांधणी

पहिला विचार प्रश्नच बंद करण्याचा होता. प्रेक्षकांनी फक्त घडून गेलेली गोष्ट लिहायची: पहिल्या सायकलचा रंग, मास्तरांचं टोपणनाव. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात करून पाहिलं. सुरक्षित झालं, आणि मिळमिळीत. सायकल हिरवी होती हे कळल्यानं कुणाच्या जिवाला काही होत नाही.

मग एक नियम ठरला: मनात काय आहे ते सांगायचं, पुढे काय होणार ते नाही. वही फेकली. त्याऐवजी तो लोकांत जाऊन बसू लागला. अभ्यासिकेत एमपीएससीची पोरं कशाला घाबरतात, हळदीचा व्यापारी दर कळण्याआधी कुणाला फोन करतो, द्राक्षवाल्याची झोप कुठल्या महिन्यात उडते. हा गृहपाठ ज्याला कोल्ड रीडिंग म्हणतात, म्हणजे समोरच्याचे कपडे-हावभाव बघून अंदाज ठोकत जाणं, त्याच्यापेक्षा कठीण आहे, पण प्रामाणिक आहे.

नवरात्रात एका वाचनालयाच्या सभागृहात नवा प्रयोग झाला. तासगावकडच्या एका बागायतदाराची चिठ्ठी होती: छाटणीनंतर पाऊस येईल का? जुन्या वहीत याला ‘कष्टाचं फळ मिळेल’ हे उत्तर होतं. या वेळी तो म्हणाला, ‘पाऊस हा तुमचा अर्धा प्रश्न आहे. तुमच्या डोक्यात दोन तारखा आहेत. आगाप छाटली तर दर सापडतो, पण परतीच्या पावसात डाऊनी रोगानं घड जातील. मागं ढकलली तर बाग वाचते आणि दर निघून जातो. आणि शेजाऱ्यानं छाटली की तुमचा हात शिवशिवतो.’ तो माणूस उभा राहिला आणि हसत सुटला. ‘कुठली तारीख धरायची ते मी सांगणार नाही. तुमच्या वेलीवरची काडी मला इथून दिसत नाही.’ टाळी आली. गणपतीतल्या त्या टाळीपेक्षा लहान होती; खोटं कशाला बोलू?

जड चिठ्ठ्या तरी येतातच. सुरुवातीला ‘आजारपण, कोर्ट, हरवलेलं माणूस यावर विचारू नका’ असं सांगूनही येतात, कारण माणसाच्या मनात त्या वेळी तेच असतं. वन अहेडमध्ये एक चिठ्ठी गाळली की साखळी तुटेल, अशी त्याची समजूत होती. गणपतीत तो प्रश्न त्यानं उच्चारला त्यामागे हीच भीती होती. प्रत्यक्षात साखळी तुटत नाही. जड चिठ्ठी मनात वाचून झाली की पुढचं पाकीट कपाळाला लावायचं आणि म्हणायचं, ‘हा घरचा प्रश्न आहे, चारचौघांत नको.’ तरी पाकीट फोडून आत नजर टाकायची, चिठ्ठी घडी करून खिशात. प्रेक्षकांना वाटतं, खिशात गेलेली तीच जड चिठ्ठी. खरं तर ती पुढच्याची आहे आणि आता ती ठाऊक आहे. तिसरं पाकीट उचललं की गाडी रुळावर. गंमत अशी की मधेच एक प्रश्न असा सोडून दिल्यानं बाकीचे जास्त खरे वाटतात. वाचनालयात भाऊबंदकीच्या दाव्याची एक चिठ्ठी अशीच गेली.

चिठ्ठ्यांचं पुढे काय होतं, याचाही विचार आधी झाला नव्हता. गणपतीनंतर मंडळाच्या पोरांनी मांडवातल्या चिठ्ठ्या गोळा करून वाचल्या होत्या, आणि कुणाची सून नांदत नाही, कुणावर किती कर्ज आहे हे गल्लीत फिरलं. आता मंचावर पाण्याची बादली असते. आयटम संपला की सगळ्या चिठ्ठ्या, खिशातल्यासकट, लोकांसमोर तिच्यात. पेनं शाईची देतो, बॉलपेनची नाही. पाण्यात अक्षर लगेच फुटतं.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. मंडळांना मनकवडा नको असतो, भविष्य सांगणारा हवा असतो. एका ठिकाणी तर फ्लेक्सवर ‘त्रिकालज्ञानी’ छापून तयार होतं. ते उतरवून घेईपर्यंत तो मंचावर चढला नाही. आता तो मानधनाच्या आधी फ्लेक्सचा मजकूर ठरवतो. साताऱ्याच्या एका मंडळानं ‘मनकवडा’ मान्य केलं, पण खाली बारीक अक्षरांत का होईना, ‘भविष्य’ पाहिजेच म्हणून अडून बसले. तो कार्यक्रम झाला नाही.